कुहीच्या देवरावांचं सुतक

कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. पोस्टमनने ते मांडवाच्या बांबूत खोचलं आणि घंटीही न वाजवता तो निघून गेला. लग्नघरात असलं कार्ड कोणाच्या हातात द्यायचं धैर्य त्यालाही झालं नसावं. लतिकाला ते दिसलं तेव्हा सोमवारचे साडेबारा वाजले होते आणि नीलाचं, तिच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न गुरुवारी होतं.

अशुभाचं कार्ड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि तिथेच नाहीसं करायचं, हे हरकाऱ्यांच्या घरात सुनेला पहिल्याच वर्षी शिकवलं जायचं. लतिकाला या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती. ती मे महिन्याच्या उन्हात डोळे बारीक करून वाचू लागली. वर 'मु. कुही' होतं. खाली 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की देवराव' इथपर्यंत ती आली आणि तिला पुढे वाचवेना. मागच्या अंगणात आचाऱ्याची भट्टी पेटली होती, वर बुंदी पडत होती. लतिकाने कार्डाचे चार तुकडे केले, भट्टीत टाकले आणि नळावर हात धुतले.

आत येऊन तिने पंधरा मिनिटं कोणालाच काही सांगितलं नाही. मग सुतकात एकटीने बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून बसलेलं बरं असं तिला वाटलं असावं, कारण तिने नवऱ्याला खोलीत बोलावून दार लोटलं.

अनंता सरकारी कचेरीत ऑडिटर होता. सुतक, ग्रहण, मुहूर्त हे सगळं थोतांड आहे, असं तो दर रविवारी जेवताना वडिलांना ऐकवायचा. आज सोमवार होता.

"म्हणजे तू वाचलंस," तो म्हणाला. "मी कुठे वाचलं? सुतक कळल्यापासून लागतं. मला कळलंच नाही असं समजू."

"आता कळलं ना तुम्हाला."

"अगं, मग मला सांगितलंस काहून?"

"मग काय एकटीच विटाळून बसू? मुलगी दोघांची आहे."

थोतांडाचा विषय तिथेच संपला. दोघांना एकच गोष्ट दिसत होती. देवराव भाऊबंद निघाले तर दहा दिवसांचं सुतक. दहा दिवसांचं सुतक म्हणजे गुरुवारचं लग्न गेलं. पुढचा मुहूर्त थेट मार्गशीर्षात. नवऱ्यामुलाला भिलाईहून आठ दिवसांचीच रजा मिळाली होती, आणि अमरावतीच्या विहीणबाईंनी आधीच दोन तारखा मोडल्या होत्या. तिसरी मोडायला त्यांना निमित्तच हवं होतं.

"पण देवराव आपले लागतात कोण?" अनंता म्हणाला.

लतिकाने त्याच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता कळत होतं की सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

*

तीन वाजता दिवाणखान्यात सगळे जमले. खिडक्यांच्या वाळ्याच्या ताट्यांवर नुकतंच पाणी मारलं होतं, तरी कोणाला थंड वाटत नव्हतं. मुकुंदरावांना, म्हणजे अनंताच्या वडिलांना, झोपेतून उठवून बातमी सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा:

"कार्ड कुठे आहे?"

"फाडलं, मामंजी. कोपरा फाडलेला होता."

"तुकडे?"

"भट्टीत."

मुकुंदराव खुर्चीत मागे टेकले. पस्तीस वर्षं ते रेकॉर्डकीपर होते. वाळवीने खाल्लेले कागद त्यांनी चिमट्याने उचलून जपले होते. घरात धोब्याच्या चिठ्ठ्यासुद्धा सालवार बांधलेल्या होत्या. "छत्तीस सालची दुधाची चिठ्ठी या घरात सापडेल," ते म्हणाले. "हवा तो एकच कागद बुंदीखाली गेला."

"पण मामंजी, असलं कार्ड घरात कसं आणणार?"

"नाही, नाही. तुझं बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. काय लिहिलं होतं?"

"देवराव गेले असं."

मुकुंदराव घरातही कचेरीतलं मराठी बोलत, तसंच त्यांनी विचारलं, "सदर देवरावांचा आपल्याशी संबंध काय?"

"मला वाटायचं ते आत्याबाईंच्या सासरचे," लतिका म्हणाली.

"मला वाटायचं आईकडचे," अनंता म्हणाला.

"ती मला म्हणायची, तुमच्याकडचे," मुकुंदराव म्हणाले. त्यांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, तिला विचारायची सोय नव्हती.

"आडनाव काय त्यांचं?" लतिकाने विचारलं.

ते कोणालाच माहीत नव्हतं. लग्नाची पत्रिका 'श्री. देवराव, मु. कुही' एवढ्याच पत्त्यावर गेली होती आणि पोचणार याबद्दल कोणाला शंकाही नव्हती. छत्तीस वर्षं हा माणूस दर दिवाळीला एसटीने यायचा. एका खांद्यावर चिन्नोर तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात शिंगाडे. दोन दिवस व्हरांड्यात झोपायचा, सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करायचा, विहिरीचा रहाट नाहीतर दाराची कडी नीट करून द्यायचा आणि जायचा. इतक्या जवळच्या माणसाला आडनाव विचारणं बरं दिसलं नसतं.

"पहिल्यांदा कधी आले?" अनंताने विचारलं.

"बत्तीस साली. दादा गेले त्यानंतरच्या दिवाळीत," मुकुंदराव म्हणाले. दादा म्हणजे त्यांचे वडील. "बरं. वंशावळ काढा."

वंशावळ यमुताईच्या पलंगपेटीत असायची. यमुताई मुकुंदरावांची थोरली बहीण, एक्काहत्तर वर्षांची. विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली ती माहेरीच राहिली, आधी महाल भागातल्या भाड्याच्या घरी, मग इथे धरमपेठेत. बातमी तिला अनंताने दीड वाजताच सांगितली होती. ती आतून आली तेव्हा तिचे पांढरे केस ओले होते आणि मागच्या दोरीवर तिचं नेसतं लुगडं, पोलक्यासकट, निथळत होतं.

"आत्याबाई, दुपारी न्हालात?" लतिकाने विचारलं.

"गरमी होऊन राहिली न," यमुताई म्हणाली आणि अडकित्ता घेऊन कोपऱ्यात बसली.

अकरा हात लांब, पाठीला मांजरपाट चिकटवलेली वंशावळ जमिनीवर उलगडली. चार कोपऱ्यांवर गडू, पानाचा डबा, नीलाच्या बांगड्यांची पेटी आणि आहेराच्या पातळांचा गठ्ठा ठेवला. मूळ पुरुष भगवंतराव. भोसल्यांच्या वेळी देशावरून आले आणि सांडणीवरून बातम्या पोचवायच्या कामाला लागले, म्हणून हरकारे. त्यांच्याखाली फांद्या, फांद्यांखाली नावं.

मुकुंदरावांचं बोट एका पानावर थांबलं. "सदाशिव. इथे शेरा आहे: 'कुहीस गेले'."

लतिकाचा चेहरा उतरला. "किती पिढ्या होतात?"

"दादांच्या आजोबांचा भाऊ. तिथून देवराव पाचवा. सातांच्या आत आला."

"परत मोजा ना, मामंजी."

"परत मोजल्याने पुरुष वाढत नाहीत, लतिका."

"एखादा राहिला असेल लिहायचा," अनंता म्हणाला. सातव्या पिढीपलीकडचा नातलग मिळावा म्हणून तो आता गुडघ्यांवर बसून कागदाला नाक लावत होता. त्याला दर रविवारी जेवताना पाहणाऱ्या माणसाने हे दृश्य जपून ठेवलं असतं. "हे काय आहे, बाबा? बारीक 'नि.' लिहिलंय."

मुकुंदरावांनी चष्मा पुसून पाहिलं. "निपुत्रिक," ते म्हणाले. "सदाशिवांना मूलबाळ नव्हतं."

"म्हणजे देवराव त्या शाखेचे नाहीत."

"नाहीत."

"म्हणजे कुठल्याच शाखेचे नाहीत."

लतिकाचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच तो दिलासा चेहऱ्यावरून पुसला आणि चहा टाकायला म्हणून उठली. एका माणसाच्या मरणाने आपल्याला इतकं हलकं वाटावं याची तिला लाज वाटली, पण लाज वाटूनही हलकं वाटायचं थांबलं नाही.

*

मुकुंदरावांचं बोट मात्र कागदावरच होतं. ते खाली सरकत त्यांच्या आजोबांपर्यंत आलं. गोविंदराव. खाली नेहमीसारखा शेरा: 'पुत्र १, कन्या २'. वंशावळीत मुलींची नावं लिहीत नसत, नुसता आकडा लिहीत. त्या २ च्या खाली कागदाचे केस उभे राहिले होते. कोणीतरी चाकूने खरवडलं होतं. उजेडाकडे धरलं तर खरवडलेली शेपटी अजून दिसायची. तो २ नव्हता. तो ३ होता.

हे त्यांना एकतीस सालापासून माहीत होतं, दादांनंतर वंशावळ त्यांच्या ताब्यात आली तेव्हापासून. रेकॉर्डमध्ये खाडाखोड दिसली तर वर कळवायचं असतं. पण इथे खाडाखोड करणारेच वर गेले होते. दोन आत्या त्यांना माहीत होत्या, एक वर्ध्याची, एक भंडाऱ्याची. तिसरीबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. पुढच्याच दिवाळीला कुहीचा एक अनोळखी माणूस शिंगाडे घेऊन आला तेव्हाही नाही. त्यांच्यासारख्या माणसाला दोन कागद शेजारी ठेवून पाहायला क्षणभर लागला असता. त्यांनी ते छत्तीस वर्षं शेजारी ठेवले नव्हते.

त्यांनी यमुताईकडे पाहिलं. ती सुपारी कातरत होती, गरजेपेक्षा फार बारीक.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तुला काही माहीत आहे?"

"कागदात आहे काय तो?"

"नाही."

"मंग नाई. कोणी नाई तो आपला," यमुताई म्हणाली. मान वर केली नाही. "पोरीचं लगन होऊ दे."

लतिका चहा घेऊन आली होती. अनंता वाट पाहत होता. मुकुंदरावांनी चष्मा काढला आणि आयुष्यातला पहिला खोटा दाखला दिला.

"देवराव आपले कोणी लागत नाहीत. सुतक नाही. बुधवारी देवक बसेल, गुरुवारी लग्न होईल."

"मग त्यांचे शिंगाडे मी कोणाचे म्हणून खाल्ले?"

हे नीला म्हणाली. ती केव्हापासून दारात उभी होती हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. हातावर ओली मेंदी होती, म्हणून दोन्ही हात पुढे धरून ती उभी होती.

"नीले, मोठ्यांच्या बोलण्यात पडू नको," लतिका म्हणाली.

"वीस वर्षं खाल्ले, आई. मला गोवर आला होता तेव्हा दिवाळी नसताना ते आले होते. व्हरांड्यात तीन दिवस बसले होते. आणि आज आपण मोजून राहिलो की ते सातांत येतात की आठांत."

"मग काय करायचं म्हणतेस?"

नीलाच्या ट्रंकेत भिलाईची अकरा पत्रं होती आणि अकराच्या अकरा तिला पाठ होती. "मार्गशीर्षापर्यंत थांबू," ती म्हणाली. "ज्यांना थांबायचं ते थांबतील."

"आणि नाही थांबले तर?"

नीलाचे डोळे भरले आणि मेंदीच्या हातांनी ते पुसताही येईनात. लतिकाने पदर घेऊन पुसले आणि पुसता पुसता म्हणाली, "वेडी आहेस का गं? त्या बाईला मी ओळखते. ती चार दिवस नाही थांबणार."

तेवढ्यात फाटक वाजलं.

बाहेर, मांडवाच्या सावलीत, देवराव उभे होते. डोक्यावर टोपी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं, खांद्यावर तांदळाची पिशवी. एसटी स्टँडपासून उन्हात चालत आले होते. व्हरांड्याच्या पायरीवर पिशवी ठेवून त्यांनी आत पाहिलं.

"काय वं सूनबाई, पाणी तं दे. अशी काहून पाहून राहिली, मेला माणूस पाह्यल्यावानी?"

लतिकाच्या हातातून पदर सुटला. अनंता उठून उभा राहिला, मग का उठलो हे न कळून परत बसला. पाणी द्यायचं कोणाला सुचेना. शेवटी यमुताईच अडकित्ता टाकून उठली. छत्तीस वर्षांत तिला कोणी इतक्या जोरात चालताना पाहिलं नव्हतं. तिने देवरावांच्या दंडाला हात लावला, दाबून पाहिला आणि मग पाणी आणायला गेली.

"तुम्ही बरे आहात ना?" अनंताने विचारलं. दुसरं काय विचारायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

"मले काय होते? गुरुवारचं लगन न, म्हटलं दोन दिस आधी जाऊ, चार कामं करू."

मुकुंदराव त्यांच्याकडे एकटक पाहत होते. "देवराव," ते म्हणाले, "टोपी काढा."

देवराव थोडे थबकले. मग त्यांनी टोपी काढली. डोकं गुळगुळीत होतं. वर नुकते कुठे पांढरे खुंट दिसायला लागले होते.

"कोण?"

"माय," देवराव म्हणाले. मग सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांच्या ध्यानात आलं. "कार्ड आलं काय? माह्या रवींद्रानं टाकलं न? अरे, या पोट्ट्याले मी सांगतलं होतं, धरमपेठेत टाकू नको. पंधरा दिस झाले, परवा तेरवी आटोपली. कोनाच्या खिशात राह्यलं होतं कोनजाणे, आतापावतर."

"मी अर्धंच वाचलं," लतिका हळूच म्हणाली. "तुमच्या नावापर्यंत. मग फाडलं."

देवरावांना हसू आलं. आईच्या तेरवीनंतरचं पहिलंच असावं, कारण ते त्यांना नीट जमलं नाही. "म्हंजे मी दुपारपासून मेलेलो आहो काय इथं? मंग चहा कोनाले देऊन राहिली?"

*

चहा झाला. लतिका मनातल्या मनात पुन्हा हिशोब करत होती: देवराव नव्हे, देवरावांची आई, म्हणजे आणखीच लांबचं. ती खात्री करून घ्यायला म्हणून म्हणाली, "धरमपेठेत कळवू नको, असं कोण म्हणालं?"

"मायच म्हने. पोरीचं लगन होईस्तोवर कळवू नका, त्याईचा खोळंबा होईल."

"आमचा खोळंबा काहून होईल? त्या आमच्या कोण?"

देवरावांनी कप खाली ठेवला आणि यमुताईकडे पाहिलं. "ताई, तुमी सांगतलं नाई?"

"मले कोणी विचारलं नाई," यमुताई म्हणाली.

"आता मी विचारतो," मुकुंदराव म्हणाले.

यमुताईने हात पुसले, जणू पोळ्या लाटून झाल्या होत्या. "मुकुंदा, आजोबाले तीन पोरी. तिसरी ठमाआत्या. नवव्या वर्षी लगन, बाराव्या वर्षी विधवा, मंग वापस महालातल्या घरी. केस काढलेले, आलवण नेसलेली. तिनं मले वाचाले शिकवलं, चोरून, राखेत बोटानं अक्षरं काढून. मी नऊ वर्षांची होती तेव्हा कुहीच्या शाळेच्या मास्तरासंगं दुसरं लगन लावून गेली. दादानं अंगणात घागर फोडली. म्हणे, मेली. सगळ्यांले आंघोळ करवली, मलेबी. मी रडून राहिली तं म्हणे, आंघोळ झाली, सुतक संपलं, आता रडायचं नाई." तिने मुकुंदरावांकडे पाहिलं. "तू तवा पोटात होता."

"आणि कागद?"

"रात्रभर खरवडत होते. मले आवाज येत होता."

मागून आचाऱ्याने तुपाचा डबा मागितला, तो कोणी दिला नाही.

"माय म्हने," देवराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "दादा हाये तंवर जाऊ नको. दादा गेले तं मले पाठवलं. म्हने, नातं सांगू नको, भीक मागाले आला म्हनतील. नुसतं पाहून ये, कोन कोन हाये, कोन नाई. म्हनून तं दर दिवाळीले येत होतो. वापस गेलो का माय दारातच बसून राहे. मी एकेक नाव सांगो."

"आणि कोणी गेलं असलं तर?" नीलाने विचारलं.

"तं दहा दिस पाळे. तुह्या आबाचे वडील गेले तवा पाळले. दोघी आत्या गेल्या तवा पाळले. तुही आजी गेली, तिले तं मायनं कधी पाह्यलीबी नव्हती, तरी दहा दिस एका वक्ताले जेवली, चुलीजवळ गेली नाई. मी म्हनो, माय, त्याईनं तं तुले कधीचंच मारून टाकलं. तं म्हने, त्याईनं मारलं म्हनून मी थोडीच मेली."

मुकुंदरावांच्या मनात आलं की हरकाऱ्यांच्या घरात चार पिढ्यांत कोणी कोणाला बातमी पोचवली नव्हती. पोचवत आला तो हा माणूस, ज्याचं आडनावही आपल्याला माहीत नाही.

"मामंजी," लतिकाचा आवाज फार बारीक होता, पण आई होती ती, तिला विचारल्याशिवाय राहवेना, "मग आता किती दिवस?"

"लग्न झालेल्या आत्याचं भाच्याला दीड दिवस," मुकुंदराव म्हणाले. "दहा दिवस उलटून कळलं तर नुसतं स्नान. लग्न गुरुवारीच होईल."

लतिकाने डोळे मिटले. तिला रडू आलं, ते कशाचं हे तिने ठरवलं नाही.

मुकुंदराव उठले. सदऱ्यासकट, धोतरासकट, मागच्या अंगणात गेले आणि विहिरीचं पाणी काढून डोक्यावर ओतायला लागले. एक बादली झाली, दोन झाल्या. आचारी झारा हातात धरून पाहत राहिला. तिसऱ्या बादलीला अनंता जाऊन शेजारी उभा राहिला, शर्ट-पँटसकट.

"तू कशाला?" मुकुंदराव म्हणाले. "तुझा विश्वास नाही."

"नाही," अनंता म्हणाला. "ओता तुम्ही."

इकडे देवरावांनी पिशवीचं तोंड सोडलं होतं. "हे अक्षतेचे तांदूळ, सूनबाई. मायनं निवडले. अक्षतेले तुटका दाना नाई पाह्यजे म्हनून डोळ्याले लावून एकेक पाहे. महिनाभर हेच करून राहिली होती. चालन न तुमाले? म्हंजे, घरात असं झालं..."

लतिकाने ओंजळभर तांदूळ हातात घेतले. एकही दाणा तुटलेला नव्हता. "देवरावमामंजी," ती म्हणाली, बावीस वर्षांत पहिल्यांदा, "दुसरे चालणारच नाहीत." आणि ती कुंकू आणायला आत गेली.

*

मुकुंदराव ओल्या केसांनी वंशावळीपाशी बसले. दौत आली, टाक आला. २ ला खाली एक शेपटी काढायला त्यांना क्षणभर लागला. शाई वाळेपर्यंत त्यांनी फुंकर घातली.

"आणि नाव?" नीलाने विचारलं. मेंदी वाळली होती, ती कागदाशेजारी येऊन बसली होती.

"वंशावळीत मुलींची नावं नसतात. आकडा असतो."

"मंग मी कोणता आकडा?" यमुताईने विचारलं.

मुकुंदरावांनी एक पायरी खाली बोट ठेवलं. दादांच्या नावाखाली, 'कन्या १'.

यमुताईने वाकून पाहिलं. "हा एक म्हणजे मी? पन्नास वर्षं याच पेटीवर झोपून राहिली मी, आन आतमंदी मी एवढीशी?" तिला त्याची गंमत वाटली असावी, कारण ती देवरावांकडे पाहून हसली. "ठमाआत्या बरी. तिले निदान खरवडाले तरी चाकू लागला."

नीलाचं बोट मात्र आणखी खाली गेलं होतं, कागदाच्या अगदी टोकाला, जिथे शाई अजून काळी होती. तिथे अनंताचं नाव होतं. त्याखाली सुरेख, ठसठशीत, रेकॉर्डकीपरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कन्या १'.

"आबा," ती म्हणाली, "हे तर तुमचं अक्षर आहे."

मुकुंदरावांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. पाण्याचे थेंब मानेवरून सदऱ्यात उतरत होते. नीला झाली तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते, आणि त्याच संध्याकाळी हे लिहून, वाळू टाकून, कागद गुंडाळून ठेवला होता.

"हो," ते म्हणाले. "माह्यंच आहे." कचेरीतलं मराठी कुठे गेलं होतं कोण जाणे. त्यांनी टाक तिच्या हातात दिला. "तूच लिही. मले लाज वाटून राहिली."

नीलाने टाक दौतीत बुडवला, कडेला टेकवून जास्तीची शाई काढली. तीन आकडे, तीन नावं, आणि जागा फारशी नव्हती. "आधी कोणाचं लिहू?"

"मायचं पार्वती नाव लिवा," देवराव म्हणाले.

"तुह्याकडं पार्वती," यमुताई म्हणाली. "इथं ठमा. आधी तिचंच लिही, मोठी आहे ती. आन जरा ठळक लिहीजो वं, बाई. मले चष्म्याशिवाय वाचता आलं पाह्यजे."